इंटरल्युकिन चारचं कार्ड

प्रिय मोईन सर,

तुम्ही हे जग सोडून सहा महिने झाले आणि मी पत्र लिहायला बसलोय आज, तेही हसून हसून पोट दुखत असताना! काय करू? काल नांदेडला कॉलेजात आपल्या वर्गातल्या सुरेखानं जे सांगितलं, त्यावर तुमच्याएवढं मोठ्यानं दुसरं कुणी हसलं नसतं.

तुम्ही बांगड्या विकणाऱ्या मणियाराच्या घरातले. प्रतिकारशक्तीचा धडासुद्धा बांगड्यांवरच शिकवलात. "पेशी एकमेकींना निरोप धाडतात. तो निरोप म्हणजे इंटरल्युकिन नावाचं प्रथिन, आणि पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे मनगट. मापाची बांगडी असंल तरच चढंल!" मग कार्डं वाटलीत. पोरांना प्रथिनं, पोरींना रिसेप्टर. न बोलता जोडी शोधायची.

माझ्याकडं इंटरल्युकिन दोन, सुरेखाकडं चारचा रिसेप्टर. मी गुपचूप शेजारच्याशी कार्ड बदललं आणि चार नंबर घेऊन ऐटीत तिच्यापुढं उभा राहिलो. तुम्ही दोघांची कार्डं पाहिलीत. "बालाजीराव, माप चुकलं! दुसरं मनगट बघा."

वर्ग खदाखदा हसला. चूक कशी, हे विचारायलासुद्धा मी थांबलो नाही. तुम्ही मुद्दाम केलंत असंच वाटलं. कार्ड फाडलं, कॉलेज सोडून थेट एसटी स्टँड गाठलं, आणि लातूरला क्लासच्या नोट्सच्या झेरॉक्स काढत दोन वर्षं घालवली.

भूकंपानंतर बांधून मिळालेल्या आमच्या घरी तुम्ही आला होतात, आठवतं? "अरे बाबा, सूज आणणारे निरोप असतात, तसा 'आता बास' म्हणणारा पण असतो. इंटरल्युकिन दहा. तुझ्यात तेवढंच कमी हाय." मी तोंड फिरवून बसलो. चहा संपवून तुम्ही निघून गेलात. ते सलतं, सर.

काल परत प्रवेशाचा अर्ज भरायला गेलो. सुरेखा आता तिथंच एम.एस्सी.ला. म्हणते, "येड्या, त्या दिवशी मी पण कार्ड बदललं होतं. तुझा दोन नंबर होता म्हणून!"

म्हणजे माप खरंच चुकलं होतं! तुम्हाला कळलं होतं का हो? तेच सांगायला घरी आला होतात का?

मी धीर करून विचारलं, "मग आता?"

"आधी पास हो," म्हणाली. पण हसली, सर!

तर शब्द देतो. डिग्री पूर्ण करीन. डोकं फिरलंच, तर वर्गाच्या दारापर्यंत जाईन, वळीन आणि परत बाकावर येऊन बसीन.

अजूनही तुमचाच विद्यार्थी,
बालाजी