उलट्या दातांचा विळा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण आठही अंगं टेकली असं धरून चाल.) तुझा गुडघा आता बरा आहे, असं तिघांकडून कळलं. तिघांनीही तेच शब्द वापरले, त्यामुळे माझा विश्वास बसलेला नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, पण त्यांचा दवाखाना त्यांच्याच मेव्हण्याच्या औषधांच्या दुकानावर आहे, तेव्हा काय ते समजून घे.

नऊ वर्षांनी याला आज कसं सुचलं, असं तुला वाटेल. बाबा गेल्यावर त्यांचा विळा सापडेना, तेव्हा मी भरल्या घरात म्हणालो होतो, की बाबांनंतर या घरात डावखुरी एकच, आणि तो विळा दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही. तू पिशवी उचललीस आणि गेलीस ती आजतागायत उंबऱ्याला पाय लावला नाहीस. पिशवी मला तेव्हा जरा जड वाटली होती, हे आजही तोंडावर सांगतो. तर ताई, तो विळा सापडला.

आपल्या गावात आता शेत औषधालासुद्धा उरलेलं नाही. सगळीकडे इमारती, आणि आपल्या कांद्याच्या तुकड्यावर लोक दुचाक्या लावतात. (मीही तिथेच लावली. बांधावरून भांडलो कशाला, असं झालं.) आणि शेती संपल्यावर, दहाएक वर्षांपूर्वी, धान्याच्या जुन्या गोदामात शेतीचं संग्रहालय काढलंय; मी तिकडे कधी फिरकलो नव्हतो. मी नोकरीत असताना त्या गोदामाचं विजेचं मीटर वाचायचो. कुलूपबंद गोदामाचं मीटर फिरायचं कसं, हा प्रश्न तीस वर्षं माझ्या डोक्यात आहे, म्हणून परवा आत शिरलो. दारातच शेतकऱ्याचा पुतळा. इस्त्रीचे कपडे, स्वच्छ नखं आणि हे एवढं पोट! चौकशी केली तर तो कापडाच्या दुकानातून आणलेला निघाला. तिथेच ताडलं, की इथे पाणी मुरतंय.

पुढच्या दालनात भिंतीवर बाबांचा विळा. मुठीला तीच तांब्याची तार, दात उलट्या बाजूला. खाली पाटी: 'उलट्या दातांचा विळा. देणगीदार अज्ञात. नेमका उपयोग अज्ञात, बहुधा एखाद्या विधीसाठी.' विधी! रोज सकाळी म्हशीपुढे गवत टाकणं हा विधी असेल तर आपलं घराणं मोठंच धार्मिक म्हणायचं. पण माझा डोळा 'अज्ञात'वर अडकला. नाव लपवून कोण देतं? ज्याला लपवायचं असतं तो. म्हणजे पिशवीतून नेलास, मग मन खाऊ लागलं आणि गुपचूप इथे आणून टांगलास. बरोबर ना?

संग्रहालयाच्या बाई चष्म्यातून बघत म्हणाल्या, "तुमचाच कशावरून?" मी म्हणालो, लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेला आहे, डाव्या हाताशिवाय चालत नाही. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही डावखुरे का?" आणि ताई, खोटं कशाला सांगू, मी हो म्हणालो. वाटलं, हाती येईल. त्यांनी मला मागच्या हिरवळीवर नेलं, सोबत रखवालदार दिला आणि म्हणाल्या, कापून दाखवा. मी आव आणून बसलो, डाव्या मुठीत विळा धरला आणि झपकन ओढला. गवत जागच्या जागी राहिलं, पण खाली दडलेली पाण्याची नळी तुटली. बाई भिजल्या, रखवालदार भिजला, आणि रखवालदाराने 'काय घडलं ते लिहून द्या' म्हणून वही पुढे केली. मी पानभर लिहून दिलं. सुवाच्य, वळणदार, उजव्या हाताने. बाईंनी ते पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या मीटरकडे ज्या नजरेने पाहिलं, तीच ती नजर. फार लागते गं.

तेव्हा आता खरं काय ते कबूल कर आणि 'विळा आमच्या वडिलांचा' असं दोन ओळींत लिहून पाठव, म्हणजे पाटीवर बाबांचं नाव लागेल. बाबांचं नाव कुठेच लागलेलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच बाईंचा फोन आला. आधीच्या व्यवस्थापकांची जुनी नोंदवही पेटीत सापडली म्हणून बोलावलं होतं. जाऊन आलो. विळा तू दिलेला नाहीस. बाबांनीच दिलाय, जायच्या दोन महिने आधी. सही त्यांचीच, डावीकडे कललेली. मी भिंगातून तीनदा तपासली. वर तुझ्याबद्दल लिहिलेलं सगळं खोडायला हवं, पण मग पत्रात नळीच तेवढी उरेल.

दुसरा ता. क. शेऱ्याच्या रकान्यात बाबांनी लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो: 'घरी ठेवला तर धाकटा बोट कापून घेईल. थोरलीचा आहे. ती आली तर द्यावा. ती स्वतःहून मागणार नाही, म्हणून आपण विचारावं.'

ताई, नऊ वर्षं तुला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी फार चुकलो. आता विचारतो. विळा हवाय ना तुला? मग न्यायला ये, आणि तिथून घरी ये. उत्तर मात्र लिहू नकोस. लिहिलेल्यावर माझा विश्वास बसत नाही, सरळ ये.