डाव्या मनगटावरचा वळ

१९ फेब्रुवारी, दुपार

दादास,

नमस्कार. मी ठीक आहे. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. याहून जास्त ख्यालीखुशाली विचारण्याइतका चांगुलपणा आज माझ्यात उरलेला नाही.

तुझं तक्रारपत्र काल मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून वाचायला दिलं. ‘माझ्या मुलीच्या मनगटावर वळ आहेत. या मनोरुग्णालयातले कर्मचारी निर्दयी आहेत.’ अक्षर सुरेख आहे तुझं, पहिल्यापासूनच. त्या कर्मचाऱ्यांत तुझी सख्खी बहीण नर्स आहे, हे लिहायला मात्र शाई संपली वाटतं.

तीन महिन्यांत तू एकदा आलास, गेल्या शुक्रवारी. अकरा मिनिटं बसलास. टिटवीने तुझ्याकडे बघितलं नाही म्हणून तोंड पाडलंस आणि जाताना तिच्या हाताचा फोटो काढलास. सतरा वर्षांत तुझी लेक कुणाच्या डोळ्यांत बघून बोलली आहे का रे? स्वमग्न आहे ती, रुसलेली नाही. नातेवाइकांना म्हणे सांगितलंस, ती वसतिगृहात राहून शिकते!

मग ऐक, इथे काय शिकते ते. वॉर्डात तीस खाटा. जेवणाच्या वेळी ताटं आदळतात, कुणी रडतं, कुणी गातं, आणि वरची ट्यूबलाइट सारखी गुणगुणत असते. तुला-मला ते जाणवतही नाही. तिच्या डोक्यात मात्र खिळा ठोकल्यासारखं होतं. ती कान दाबून किंचाळते. तक्त्यावर लिहितात, ‘पेशंट आक्रमक’. मग इंजेक्शन. मग दिवसभर लाळ गळत पडून राहणं.

म्हणून मी तिला चादरींच्या खोलीत नेऊ लागले. तिथे ट्यूब नाही, उंचावर एक खिडकी आहे. ती चादरींच्या घड्या घालायची, काठाला काठ असा जुळवायची की धोबी चाट पडला. दीड महिना एकही इंजेक्शन लागलं नाही. एकदा घडी घालता घालता म्हणाली, “आत्या, शांत.” एवढंच. घरी जाऊन मी पोटभर रडले.

मग नवी मेट्रन आली. “ही खोली पेशंटसाठी नाही,” म्हणाली आणि कुलूप घातलं. तू आलास त्याच्या तीनच दिवस आधी, मंगळवारी, जेवणाच्या गोंगाटात टिटवी त्या बंद दारावर डोकं आपटू लागली. किल्ली मेट्रनच्या हातात.

मी म्हटलं, “बाई, दार उघडा. पाच मिनिटांत शांत होईल.”

“लाड करायला पगार मिळत नाही तुम्हाला. धरा तिला!”

चौघांनी धरलं. खाटेला बांधलं.

आता पानभर जे टाळलं ते लिहिते. डावं मनगट मी धरलं होतं, दादा. तू फोटो काढलास तो वळ माझ्या बोटांचा आहे. ती “आत्या, आत्या” करत होती आणि मी हात सैल केला नाही, नोकरी जाईल म्हणून. तिला इथे आण असंही मीच म्हटलं होतं तुला. ‘मी आहे ना तिथे!’

काल हे सगळं डॉक्टरांना लिहून दिलं, मेट्रनचं नाव आणि माझंही. चौकशी होईपर्यंत मला घरी बसायचंय. डॉक्टरांनी मग टिटवीची फाइल काढली. “हिला घरी न्या असं महिन्यापूर्वीच कळवलंय. वडील म्हणतात, घराला रंग चाललाय.”

किती भिंती आहेत रे तुझ्या घराला?

नात्यातल्या कुणी जबाबदारी घेतली तर सोडतो, म्हणाले. मी सही केली. परवा तिला माझ्याकडे नेते. मागची खोली रिकामी केली आहे. ती माझा हात झिडकारेलही. झिडकारला तर चूक तिची नसेल.

तक्रार मागे घेऊ नकोस. तीत माझं नाव घाल, ठळक अक्षरांत. आणि शेजारी तुझंही.

‘तुझी बहीण’ लिहायला आज हात धजत नाही.

टिटवीची आत्या