अल्पधोका वर्ग

अमरावती,
१४ जुलै २०२५

चि. उत्तम यास,

थोरल्याने धाकट्यास प्रारंभी आशीर्वाद लिहावा, असा शिष्टाचार आहे. ज्याने तुझा उजवा हात कायमचा अधू केला त्याने तो लिहावा की कसे, याविषयी शास्त्रात निर्णय सापडला नाही. सबब जागा कोरी सोडतो. अकोल्याचे नवे घर मानवले असेल. आरतीची व मुलांची प्रकृती उत्तम असावी.

इकडील क्षेम असे, की शासनकृपेने माझे निवासस्थान अत्यंत सुरक्षित आहे. बराकीत चाळीस जण, प्रत्येकास दोन हात रुंदीची भूमी. मनुष्यांचे वर्गीकरण येथे अशा निष्ठेने चालते की वैयाकरणांनी लज्जित व्हावे. धोकादायक ते एकांत कोठडीत, एका टोळीचे ते निरनिराळ्या यार्डांत, वृद्ध व रुग्ण दवाखान्यालगत, आणि अस्मादिकांसारखे निरुपद्रवी प्राणी सामान्य बराकीत.

आगमनसमयी मात्र पंधरा दिवस मी एकटाच होतो. नत्थुजी जमादारांनी नोंदवहीतून विचारले, "आत कोनी दुश्मन हाये का, मास्तर?" वीस वर्षे संस्कृत शिकवल्याची खोड, म्हणालो, "सहा आहेत." त्यांनी आकडा लिहिला. मी काम, क्रोध, लोभ असे मोजू लागलो, तर म्हणाले, "नावं मंग सांगजा. आंधी तुमाले अलग ठेवा लागते." अशा प्रकारे षड्रिपूंपासून माझे एक पंधरवडा सरकारी खर्चाने संरक्षण झाले.

आता मूळ विषय. सातापैकी चार वर्षे सरली. समिती मला खुल्या कारागृहात पाठवण्याच्या विचारात आहे. तेथे उंच भिंत नाही. शेत आहे, बैल आहेत. माझ्या कागदावर शेरा असा: "अल्पधोका वर्ग. गुन्हा क्षणिक आवेगातून." त्याकरिता तुझा जबाब लागतो. तिकडील ठाण्याचा शिपाई येईल आणि विचारील, "भावापासून जिवाला धोका वाटतो का?" तू नाही म्हणालास की मी निघालो.

म्हणून त्या पोळ्याविषयी लिहिणे भाग आहे. तोरणाखालून पहिली जोडी थोरल्याची, हा आपल्या घराण्याचा मान. वाटणी झाल्यावर त्या वर्षी तूही आपली जोडी पुढे काढलीस. मी ज्येष्ठत्वाचे सप्रमाण विवेचन आरंभले, तर तू चारचौघांत म्हणालास, "दादा, श्लोकानं बैल चालत नाई. हट बाजूले!" सगळे गाव हसले. मी शेजारच्या बैलबंडीची उभारी, म्हणजे कडेचा जाड लाकडी दांडा, उपसली.

पहिला घाव खांद्यावर बसला. तो रागाचा होता आणि न्यायालयात मी तो नाकारला नाही. दुसऱ्याविषयी सांगितले, की बैल उधळले, मला धक्का लागला, आणि उभारी हातून सुटून तुझ्या अंगावर पडली. तू तेव्हा शुद्धीवर नव्हतास. न्यायालयाने मानले. तूही मानलेस, असे आरतीच्या पत्रावरून समजले.

धक्का लागला नव्हता.

बैल लांब गेले होते आणि माणसे त्यांच्यामागे धावत होती. तू पालथा पडला होतास. तुटलेला कासरा अजून तुझ्या उजव्या मुठीत होता. मला भरपूर वेळ होता. हा उठला तर पुढल्या पोळ्यालाही हेच होईल, एवढा विचार मी केला. मग मूठ पाहून कोपरावर मारले.

हे पत्र तुझ्याआधी येथील कार्यालयात वाचले जाईल. बाहेर जाणारे प्रत्येक पत्र वाचले जाते, हे चार वर्षांत मला पुरते कळले आहे. तेव्हा समितीसही हे याच मार्गाने कळेल; वेगळा अर्ज करीत नाही.

शिपाई आला तर मी मोठा आहे म्हणून नाही म्हणू नकोस. आरतीने समजूत घातली तरी म्हणू नकोस. भीती वाटत असेल तर वाटते, असे सांग आणि त्याच हाताने, जमेल तशी, सही कर. उत्तर मला देऊ नकोस, त्याला दे.

तूर्तास सामान्य बराकीतला,
भगवंत