घट्ट बघून घेतलेला चाकू

४ मार्च
सुनेने भाजीची सुरी वरच्या फळीवर नेऊन ठेवली. म्हणे, आई, तुमचा हात थरथरतो. परवा अंगठा कापला तो सुरीच्या दोषाने, तिची मूठ ढिली. हात माझा दगड आहे दगड. आता सफरचंद खायचं तर हिची वाट बघा, आणि ही आणणार तान्ह्या पोराला देतात तसल्या फोडी. ठरलं. स्वतःचा घडीचा चाकू घ्यायचा. कायम बटव्यात. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही.

५ मार्च
पातं बोटाएवढं हवं. मूठ लाकडी, प्लास्टिकची घामाने निसटते. उघडल्यावर लॉक बसलं पाहिजे. मुलाला सांगितलं. तो हसला, या वयात कुणाला भोसकायचंय म्हणाला. म्हटलं, यादी करतेय, तुझं नाव वर आहे.

७ मार्च, दुपार
हार्डवेअरवाला एकेक चाकू उघडून हातात देत होता. पुठ्ठा कापला, सुतळी कापली, त्याच्या कॅलेंडरचा कोपरापण कापून बघितला. मग एक पुढे करून म्हणाला, आजी, हा घ्या, अंगठ्याने ढकलला की उघडतो, तुमच्या हाताला सोपा. तुमच्या हाताला! डोकंच फिरलं. असला ढिला चाकू बटव्यात उघडला म्हणजे? म्हटलं, दुकानातला सगळ्यात घट्ट काढ. तो उघडताना त्याचे दात दिसले. तोच घेतला.

संध्याकाळ
उघडत नाही. नवा आहे. नवी चप्पल नाही का चावत?

८ मार्च
तेल सोडलं. आता तेलकट आहे आणि उघडत नाही. सुनेने विचारलं, आई, चाकू कसा आहे? म्हटलं, फर्स्ट क्लास. मग सफरचंद का नाही खाल्लं? भूक नाही.

१० मार्च
पात्याला खाच असते, तिच्यात नख घालून ओढायचं. आधी कोण सांगणार? म्हणजे चाकू चांगला, दोष नखाचा. नख वाढवायचं.

१७ मार्च
नख वाढलं. सफरचंद सुरकुतलं. उद्या नक्की.

१८ मार्च
नख तुटलं. हल्लीच्या नखांत दम नाही. शेजारणीकडे गेले. तिने पक्कड लावून उघडला, वर, हा कुणी दिला गं तुला, म्हणून खिदळली. तिला चाकूतलं काय कळतंय!
आता मिटत नाही. बटव्याला भोक. जेवताना हातात धरून बसले तर नातीने किंचाळून घर डोक्यावर घेतलं. सुनेने हात पुढे केला. दिला. तिने कट् करून मिटला. तेल मी सोडलं होतं म्हणून.

२१ मार्च
छान बसली घडी. सकाळी मी बटव्यातून चाकू काढते, सून उघडून देते, मी सफरचंद सोलते, ती मिटून देते. तिलापण जरा काम हवंच. सोलताना समोर बसून राहते, नजर माझ्या बोटांवर. शिकत असेल. चाकू मात्र माझाच, माझ्याच बटव्यात. कुणाच्या तोंडाकडे बघणं नाही.

२२ मार्च, सकाळ
रविवार. सून अजून उठली नाही. चाकू काढून ठेवलाय. सफरचंद धुऊन ठेवलंय.
दोनदा खोकले.
बसलेय.