आमचा चौथा विद्यार्थी

तीर्थरूप काकूस,

पुतणीचा नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? दोन गल्ल्या सोडून राहते, तरी पत्र लिहितेय, कारण समोर बसलं की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू त्यातली चूक काढतेस. (गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांचं लाल पेन नाही झालं.)

आमच्या शाळेच्या शेवटच्या वर्गात चारच विद्यार्थी. मुली पंचवीस टक्के, म्हणजे शिंप्याची लेक. तिची दाढ दुखली की पाव वर्ग गैरहजर आणि मुलींची हजेरी शून्य. यंदा तिघं सुटली, चौथा गणितात आपटला, निकाल पंचाहत्तर टक्के. आता वरून कळवलंय की फेरपरीक्षेत तोही पास झाला नाही, तर वर्ग बंद करून पुढची मुलं पलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवणार. शिवाय वर्गाचं सरासरी वय अठ्ठावीस कसं, याचा खुलासा हवाय. तिघं सोळा वर्षांची आहेत, चौथा जरा मोठा आहे (चौसष्ट), त्याला मी काय करू.

परवा तपासणीला साहेब आले ते थेट वर्गातच. पांढरे केस आणि चष्मा पाहून त्यांनी चौथ्यालाच मुख्याध्यापक समजून हात मिळवला आणि मला चहा आणायला पिटाळलं. मी गेलेही. परत येते तर साहेब विचारतायत, तो नापास झालेला उनाड आहे का? आमचा गृहस्थ गंभीरपणे म्हणाला, "छे, मुलगा कष्टाळू आहे. घरी गणित येणारं माणूसही आहे, पण विचारायला घाबरतो." निम्मा चहा माझ्याच अंगावर सांडला. आधी हसू आवरेना, मग फार वाईट वाटलं, कारण ते खरं होतं.

हा वर्ग गेला तर मला करमायचं नाही, काकू. चारच आहेत, पण माझी आहेत.

तुझी,
मुख्याध्यापिका (चहासकट)

ता. क. काका रोज सकाळी फिरायला जात नाहीत.

ता. क. दुसरा: लगेच रागावू नकोस. जन्मभर तू तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे त्यांनी बांधले. एकदा स्वतःचा पेपर तुझ्यापुढे ठेवायचाय म्हणतात, तोही पास झालेला. बीजगणित जमतं, भूमितीत अडतात. रोज थोडा वेळ घेऊन बसशील ना?

ता. क. शेवटचा: पत्रात काय आहे ते आणणाऱ्याला ठाऊक आहे, म्हणून ते अजून दारातच घुटमळत असतील. बाहेर गार वारा आहे. आत घे त्यांना.