टेबलावरचे चिपटे

सोनगीर,
आषाढ शुद्ध ५, शके १८५६

चि. अभिमन यास रुपचंदचे आशीर्वाद. येथे सर्व देवकृपेने खुशाल. तुम्हा उभयतांचे क्षेम कळवीत जावे. तू कळवीत नाहीस, म्हणून दुसऱ्यांकडून ऐकावे लागते.

शेजारचा गिरधर नातीच्या सोयरिकीसाठी जळगावी गेला होता, तो तुझ्या कचेरीत डोकावून आला. त्याने तुझ्या टेबलाचे असे वर्णन केले की आम्हांला देवळातली आरासच वाटली. आजोबांची पितळी दऊत, शाई वाळवायची वाळूची डबी, आईची गंध उगाळायची सहाण आणि ढवळ्या बैलाच्या गळ्यातली घंटा. घंटा वाजवून तू कारकुनाला बोलावतोस म्हणे. तो येतो तेव्हा शिंगे हलवतो का, हे गिरधरला विचारायचे राहिले. सहाणेवर चाळीस वर्षे देवाचे गंध उगाळले. आता तिच्याखाली एखादी खोटी साक्ष दबत असेल तर तेही पुण्यच म्हणायचे. जुन्या वस्तूंची तुला आवड लागली हे चांगले झाले. मीही पन्नाशीला आलो आहे. टेबलावर जागा उरली तर कळव.

परंतु लेखण्या ठेवायला तू आपले पाव शेराचे चिपटे नेले आहेस. वकिलीच्या पुस्तकांत विसरला असशील म्हणून सांगतो, श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू आपल्या भावकीत त्याच मापाने मोजतात. प्रत्येक पुरुषाचे नाव पुकारायचे आणि त्याच्या नावाने सव्वा चिपटे सुपात घालायचे. लोटनकाका म्हणतात की माप घरात नसेल तर ते आपले वेगळे माप करतील आणि कानबाईही वेगळी बसवतील. चार पिढ्या एक कानबाई बसते आहे. एकदा दोन झाल्या की पुन्हा एक होत नाहीत. नागपंचमीनंतरचा रविवार आता महिन्यावर आला. चिपटे घेऊन तू स्वतः ये.

माया आहे तिथे राहू दे, टेबलावर मांडू नकोस.
रुपचंद

जळगाव,
ता. २० जुलै १९३४

ती. भाऊंच्या चरणी अभिमनचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्र पोचले. दोनदा वाचले, एकदा भावाचे म्हणून आणि एकदा फिर्याद म्हणून.

घंटेचा खुलासा असा. कारकून शिंगे हलवत नाही, मात्र घंटा वाजली की उलट दिशेला जातो. ढवळ्याही तेच करी. दऊत पाहून अशिलांना वाटते की आमचे घराणे सात पिढ्या कागदपत्रांत वाढले. आजोबा त्या दऊतीतून फक्त सही करीत आणि तीही अर्धीच होई, हे मी कोणाला सांगत नाही. विचारल्याशिवाय सांगू नये असे आम्हांला शिकवले आहे.

सहाणेबद्दल मात्र चुकलो. ती, दऊत, डबी आणि घंटा गिरधरबाबांच्या पुढच्या खेपेस परत पाठवतो. चिपटे तेवढे राहू द्यावे. लेखण्यांना सवय झाली आहे. पुष्कळ घरांत गहू मुठीने मोजतात आणि कानबाई तिथेही प्रसन्न होते. या वर्षी मला येणे जमणार नाही. कामे फार आहेत.

वहिनींना नमस्कार. राग आला तरी लोभात खंड पडू नये.
आपला अभिमन

सोनगीर,
आषाढ वद्य २

चि. अभिमन यास आशीर्वाद. वस्तू पोचल्या. कामे फार आहेत हे वाचून आनंद झाला. गिरधर म्हणतो की तो तासभर बसला तेवढ्यात एकच माणूस आला, तोही दुसऱ्या वकिलाचा पत्ता विचारायला.

तुझी वहिनी म्हणते की तिने तुला टोपलीत चारच वस्तू दिल्या होत्या. चिपटे दिले नव्हते. ते धान्याच्या कोठीतून, गेल्या कानबाईच्या विसर्जनानंतर, तू स्वतः उचललेस. मागून नेली ती हौस झाली. न मागता नेली त्याला काय म्हणतात ते कलमासहित तूच लिही.

लोटनकाकांनी तांबटाकडे नवे चिपटे सांगितले आहे. अमावास्येपर्यंत वाट पाहतो म्हणाले. मी रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो आणि त्यांची समजूत घालतो. ते माझ्या देखत तांबटाच्या कारागिरीची स्तुती करतात. काल तर घरात दोन कानबाया असल्या म्हणजे दुप्पट पुण्य, असा हिशेबही त्यांनी मला समजावून सांगितला. देवीपेक्षा तुझ्या लेखण्या मोठ्या कधीपासून झाल्या? लेखण्यांच्या सवयीचे सोंग पुरे. खरे कारण असेल ते एकदा लिही.

घरचे दार उघडेच आहे, एवढे ध्यानात असावे.
रुपचंद

जळगाव,
ता. ४ ऑगस्ट १९३४

ती. भाऊंस शिरसाष्टांग नमस्कार.

खरे कारण विचारलेत म्हणून लिहितो. गेल्या वर्षी गहू मोजायला आपण बसला होतात. इंदिरा सूप धरून होती. लोटनकाकांच्या घरची सहा नावे झाली, आपल्या घरची चार झाली, मग माझे आले. एकच, नेहमीसारखे, मागे मुलाचे नाव नाही. आपण चिपटे हातात तोलून म्हणालात, ‘याले चिपटं कसाले, याले चिमूट बस शे.’ सगळे हसले. इंदिराही हसली. दोन्ही हातांत सूप होते, तोंड झाकायला तिच्याकडे काही नव्हते.

सोमवारी विसर्जन करून निघताना मी कोठीत गेलो आणि चिपटे उचलले. मापच नसले तर मोजणार कोण, असे काहीतरी मनात होते. कोणी विचारले तर सांगायला कारण हवे, म्हणून वहिनींकडे बाकीच्या जुन्या वस्तू मागितल्या. टेबलाची हौस ही अशी आहे. गाडीत बसल्यावर इंदिराने एवढेच विचारले की लग्नाला अकरा वर्षे झाली, अजून किती श्रावण सूप धरायचे.

भावकी फुटावी असे मला वाटत नाही. आपण म्हणाल त्याच्या हाती चिपटे पाठवतो. आम्ही येत नाही.

कृपा असावी.
अभिमन

सोनगीर,
आषाढ वद्य १२

चि. अभिमन व चि. सौ. इंदिरा यांस आशीर्वाद.

पत्र काल पोचले. उत्तर दोनदा लिहून फाडले. दोन्ही वेळा पहिल्याच ओळीत टोमणा आला. हात तसाच वळतो.

ते वाक्य मला आठवत नव्हते. तुझ्या वहिनीला विचारले, तिला आठवत होते. लोटनकाकांना आठवत होते, त्यांच्या धाकट्या सुनेलाही आठवत होते. जो बोलला तोच तेवढा विसरला.

सकाळी पूजेला बसलो, पण मन लागेना. आबा गेल्यापासून एकोणीस वर्षे मी मोजतो. मोजणाऱ्याचे चिपटे सर्वांच्या आधी मुकाट्याने पडते, त्याचे नाव कोणी पुकारत नाही. म्हणजे एकोणीस वर्षांत माझे नाव तिथे कोणी घेतले नाही. भावकीसमोर नाव निघते तेव्हा माणसाला काय वाटते, ते मला ठाऊकच नाही आणि दुसऱ्यांची नावे मी खुशाल घेत आलो.

या वर्षी तू मोज. तुझे चिपटे आधी पडेल, न बोलता. पुढे माझे नाव आले की तू पुकार आणि मनात येईल ते सर्वांदेखत म्हण. लोटनकाकांना मी सांगितले आहे की मोजणारा बदलला. ते तेवढ्यासाठी थांबायला तयार झाले, त्यांना तमाशा आवडतो. इंदिराला सूप धरावे लागणार नाही. ते मी धरीन.

शुक्रवारपर्यंत यावे. येणार नसाल तर चिपटे पाठवू नकोस. मी एकटा त्याला हात लावणार नाही.

थोरला म्हणून नव्हे, मागतो म्हणून लोभ ठेवावा.
रुपचंद

सोनगीर,
श्रावण शुद्ध १२

चि. अभिमन व चि. सौ. इंदिरा यांस आशीर्वाद. तुम्ही सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात, म्हणून तुझी वहिनी मला दोन्ही वेळा तेच वाढते आहे. लोटनकाकांचे नवे चिपटे त्यांच्या घरी साखरेच्या डब्यात गेले.

शनिवारी सकाळपासून मी कान घट्ट करून बसलो होतो. तू काय म्हणशील याची सात-आठ वाक्ये मीच मनात रचून ठेवली होती. त्यांतली दोन तर फारच चांगली होती, तुला सुचण्यासारखी नव्हती. लोटनकाका उपरणे तोंडाशी धरून हसायला तयार होते. तू ‘रुपचंदभाऊ’ एवढे म्हणालास, चिपटे घातलेस, वरचे पाव घातलेस, सुपातले गहू तळहाताने सारखे केलेस आणि पुढचे नाव घेतलेस.

इंदिरा उंबऱ्याशी बसली होती. तिने तुझ्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

काहीतरी बोलला असतास तर फिटंफाट झाली असती. तसे तू होऊ दिले नाहीस. वकील आहेस खरा. चार दिवस झाले, बोलायला तोंड उघडतो आणि मिटतो. तुझी वहिनी म्हणते की घर फार शांत वाटते, वैद्याला बोलवू का.

दोघांनी पोळ्याला यावे. माझ्यासारख्या मुक्या माणसाने लिहिलेले मायेचेच समजावे.
रुपचंद