देवाला शेजारी बसवताना

४ मार्च, सकाळ
संकल्प. आजपासून देव सतत माझ्या शेजारी आहे अशी कल्पना करायची. उठता, बसता, दात घासता. करत गेलं की खरंच जाणवायला लागतो म्हणे. जेवणाच्या टेबलाशी त्याला हातांची खुर्ची दिली. मन प्रसन्न.

४ मार्च, थोड्या वेळाने
बेसिनवर बाबांची कवळी. तीही साबणाच्या डबीत. शी! देवालासुद्धा मळमळलं असणार.

६ मार्च
दिवसभर देव चष्म्याच्या दुकानात, काउंटरच्या आत, माझ्या उजव्या हाताला. एका गिऱ्हाइकाची फ्रेम आली. नाकाच्या पॅडखाली हिरवट मळ. पुसता पुसता देवाकडे पाहिलं. लोक फार घाण असतात, असं तोही म्हणाला. आमचं छान जमतंय.

७ मार्च
बाबा देवाच्या खुर्चीत! गुडघे धरतात, उठताना हात टेकायला लागतात म्हणे. तिथे देव बसलाय, असं मी शांतपणे सांगितलं. देवाला म्हणावं जरा सरकून घे, असं म्हणून त्यांनी चहा भुरकला. काय तो आवाज! साधनेचे तीन तेरा.

१० मार्च
देवाशी सविस्तर चर्चा. बाबांनी ताईकडे राहावं यावर एकमत. तुमचं आणि देवाचं बरं दर वेळी पटतं, असं बायको म्हणाली. तिला अध्यात्मातलं ओ की ठो कळत नाही.

११ मार्च
ताईला फोन. साधनेत व्यत्यय येतो म्हटलं. म्हातारा बाप म्हणजे व्यत्यय का रे, असं तिने विचारलं. टोमणे मारायची सवय जात नाही. पण रविवारी न्यायला येते म्हणाली. देवाची कृपा.

रविवार, दुपार
बाबा गेले ताईबरोबर. दारात त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. लहानपणी घालायचे तसाच. शर्टाला बामाचा वास. ते गेल्या गेल्या चष्मा साबणाने धुतला.

रविवार, संध्याकाळ
घर स्वच्छ. शांत. डोळे मिटून देवाला बसवलं. इतका स्पष्ट तो कधीच दिसला नव्हता. बाबा कुठे आहेत, असं त्याने विचारलं. ताईकडे, म्हटलं. मग मीही तिकडेच राहतो, असं म्हणून उठला. थांब थांब म्हटलं, वळूनही पाहिलं नाही. माझ्याच कल्पनेतला देव, आणि मलाच जुमानत नाही! शी!